छपरावरचे टायर

ओपलच्या पलंगाच्या बरोबर वर, छताला, एक गोल तपकिरी डाग होता. ती त्याला पॅनकेक म्हणायची. आडवी झाली की बोट दाखवून विचारायची, "ममा, तो कधी पडणार?" मी म्हणायचे, पडत नाही गं तो. आणि ती खेळायला बाहेर गेली की खुर्चीवर चढून डागाला बोट लावून बघायचे. बोट आत जायचं.

या हिवाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला, बरा झाला आणि पुन्हा उतरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग मला सरळ विचारलं, "घरात ओल आहे?" मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "छत आणि जमीन कोरडी होईपर्यंत हिला त्या घरात झोपवू नका. रंग मारून झाकाल, तसं नको. कोरडी म्हणजे कोरडी."

माझी मोठी बहीण रोवेना लेक्सिंग्टन शहरातून आली आणि ओपलला घेऊन गेली. तीन वर्षांची पोर, मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवलेली, मला टाटा करायचं सोडून हातातल्या बिस्किटाकडे बघत होती. मला वाटलं, बरं झालं, रडत नाहीये. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

आमचं घर म्हणजे ट्रेलर. कारखान्यात तयार होऊन रस्त्याने ओढत आणलेलं, लांबट डब्यासारखं, आणि माझा नवरा कोल्बी, त्याच्या वडिलांच्या जागेवर, डोंगराच्या पायथ्याशी, सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं. आमच्या खोऱ्यात निम्मे लोक असेच राहतात, आणि त्या सगळ्यांच्या छपरावर टायर असतात. वारा सुटला की पत्रा वरखाली फुगतो आणि कोणी ढोल बडवतंय असा वाजतो. जुने टायर ठेवले की गप्प बसतो. ओपल जन्मली त्या आठवड्यात पॅपॉ गॅरेजमधून टायर घेऊन आले आणि स्वतः शिडीवर चढून त्यांनी ते ओळीने मांडले. पॅपॉ म्हणजे माझे सासरे डेल्मस. इथे सगळे आजोबा पॅपॉच असतात, आणि नात झाल्यापासून आम्हीही त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. "माझी बाई झोपली पाहिजे," असं ते शिडीवरून ओरडले होते. ती झोपलीही.

गवताच्या पेंढ्यांचंही तसंच. ट्रेलरखालची पोकळी झाकायला भोवतीने पत्र्याची झालर असते. थंडीच्या तोंडावर पॅपॉ त्या झालरीला लावून पेंढ्या दाबून बसवायचे, म्हणजे खालचे पाइप गोठत नाहीत. उन्हाळ्याआधी त्या काढायच्या असतात. पण त्यांची कंबर धरली आणि पेंढ्या राहिल्या त्या राहिल्याच. जुन्यावर नव्या आल्या. खालच्या कुजून काळ्या झाल्या.

कोल्बी खडीचा ट्रक चालवतो. एप्रिलमध्ये त्याने रजा टाकली, आणि एका कोरड्या सकाळी छपरावर चढला. मी आणि पॅपॉ खाली शिडी धरून उभे. त्याने पहिला टायर उचलला तर टायरबरोबर छपराचा चंदेरी थर निघून आला, दुधावरची साय यावी तसा. खाली टायरच्याच मापाचं गंजाचं वर्तुळ. टायरमधून बाहेर आलेल्या तारांनी पत्रा ठिकठिकाणी टोचला होता, आणि आत साचलेल्या पाण्यात डासांची पिल्लं वळवळत होती.

"काय रे, दिसतंय का काही?" पॅपॉंनी खालून विचारलं.

"दिसतंय ना. ओपलचा पलंग दिसतोय."

पॅपॉंनी शिडीवरची पकड बदलली. मग म्हणाले, "टायरने नाही झालेलं ते. पत्राच हलका. आमच्या वेळी पत्रा पत्र्यासारखा असायचा."

"तुमच्या वेळी पाऊससुद्धा कोरडा पडायचा, पॅपॉ."

"जास्त बोलू नकोस. शिडी माझ्या हातात आहे."

आम्ही तिघंही हसलो. पण टायर एकेक करून खाली पडत गेले तसे पॅपॉ ते उचलून शेडच्या मागे नेऊन ठेवत होते, कमरेला हात लावून, कोणाच्या नजरेला पडू नयेत असे. टाकून मात्र दिले नाहीत.

छत आतून उतरवायला फार कष्ट पडले नाहीत. कोल्बीने कडेची पट्टी काढली, कटावणी जेमतेम लावली आणि छताच्या जिप्सम बोर्डाचा अख्खा तुकडा, वर थंडी अडवायला भरलेली, पाण्याने जड झालेली गुलाबी काचेची लोकर आणि उंदरांचं एक घरटं, असं सगळं मिळून ओपलच्या पलंगाच्या सांगाड्यावर येऊन आदळलं. तोंडाला फडकी बांधून आम्ही उभे होतो. धूळ बसली तेव्हा मी बघितलं की त्या ढिगाचा वरचा भाग सगळा काळा होता. या काळ्याखाली माझं मूल तीन वर्षं श्वास घेत होतं. महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकले. बुरशीची चित्रं काढून त्यांना नावं देण्यात मला चांगले गुण मिळायचे.

"पॅनकेक पडला," कोल्बी म्हणाला.

मी ढिगाकडेच बघत राहिले म्हणून त्याने कोपराने ढोसलं. "ड्रेमा. अगं पडला, संपला. आता नवं घालू."

आणि खरंच, नवं झालं. छपराला नव्या पत्र्याची ठिगळं, सांध्यांना डांबर, वरून चंदेरी रंगाचे दोन हात. आत नवी कोरडी लोकर आणि पांढरे स्वच्छ जिप्समचे तुकडे. तुकडा वर दाबून धरायचा म्हणजे दोघांचे चार हात पुरत नाहीत.

"डोक्याने धर," कोल्बी म्हणायचा. "कॉलेजात जाऊन तेवढंच कमावलंयस."

"आणि तू जिभेने स्क्रू मार. तेवढीच चालते तुझी."

माझी मान दुखून यायची, पण त्या दिवसांत मला बरं वाटत होतं हे खोटं कशाला सांगू. काम वरून खाली येत होतं. छत झालं. आता जमीन, आणि मग ओपल.

संध्याकाळी रोवेना फोनवर तिचा चेहरा दाखवायची. खोकला थांबला होता, गाल भरले होते. मी तिला नवं छत दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. तुमच्या घरी मी कधी येऊ?"

तुमच्या घरी. रोवेनाने पटकन दुसरंच काही काढलं. फोन ठेवल्यावर मी कोल्बीला म्हटलं, "आणखी महिनाभर गेला तर ती इथे पाहुणी म्हणून येईल."

"नाही जात महिना," तो म्हणाला.

जमिनीचं काम छतापेक्षा वाईट होतं. ट्रेलरची जमीन भुसा दाबून केलेल्या बोर्डाची असते. पाणी लागलं की तो बोर्ड चहात बुडवलेल्या पावासारखा फुगतो आणि मग कधीच पूर्वीसारखा होत नाही. छतातलं पाणी भिंतीच्या पोटातून उतरून थेट तिथे मुरलं होतं. स्वयंपाकघरातला काटा घेऊन मी खोलीभर गुडघ्यावर रांगले. जिथे काटा आत जाईल तिथे खडूने खूण.

"आल्या बघा डॉक्टरीणबाई," पॅपॉ दारातून म्हणाले. "किती दिवसांची आहे पेशंट?"

"तुम्हीच सांगा, पॅपॉ. तुमच्या ओळखीची आहे."

ते हसले नाहीत. "वरून प्लायवूड टाकून मोकळे व्हा. खाली उकरत बसू नका. सगळे तेच करतात."

"सगळ्यांची पोरं खोकतात," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

कोल्बीने माझी बाजू घेतली आणि करवत लावली. कुजकं सगळं निघालं, फक्त भिंतीखालचं नाही. ट्रेलरमध्ये आधी जमीन पसरतात आणि तिच्यावर भिंती उभ्या करतात. भिंतीच्या पायाखालचा बोर्ड काढायचा तर भिंतच काढावी लागते, आणि भिंतीवर नवं छत टेकलेलं.

"राहू दे तेवढं," कोल्बी म्हणाला. "बोटभर तर आहे."

"बोटभर बुरशीसुद्धा बुरशीच असते."

"ड्रेमा, मी घर पाडू का आता? सांग, पाडतो."

मी खडू खिशात टाकला.

उघड्या पडलेल्या लाकडी दांड्यांमधून खालचं दिसत होतं. ट्रेलरच्या तळाला एक काळा जाड प्लास्टिकचा कागद ताणून लावलेला असतो, पाइप आणि लोकर सांभाळायला. त्याला सगळे पोटच म्हणतात. आमचं पोट लोंबत होतं. कोल्बीने काठीने ढोसलं तर ते डुचमळलं.

"जलोदर झालाय हिला," पॅपॉ हळूच म्हणाले.

पाणी काढायचं तर खालून चिरायला हवं, आणि झालरीच्या फटीतून कोल्बीचे खांदे जात नाहीत. मी म्हटलं मी जाते. पॅपॉ एकदम पुढे आले. "तू नको. मी जातो."

"तुमची कंबर?"

"माझी कंबर माझ्यापाशी. तू नको म्हणतो ना."

"पॅपॉ, तुम्हाला मग खालून ओढून काढायला ट्रक आणावा लागेल," कोल्बी म्हणाला. "जाऊ दे तिला."

मी पेंढ्या बाजूला केल्या. हातात काळा चिखलच आला. आत शिरले तर वास असा की डोळ्यांना पाणी सुटलं. तो गोठ्याचाही नव्हता, गटाराचाही नव्हता. मला तो ओळखीचा वाटला आणि का ते लगेच कळेना. मग कळलं: ओपलच्या केसांना यायचा तो. मी तिचे केस किती वेळा धुतले होते.

पाठीवर सरकत मी पोटाखाली गेले आणि चाकू वर खुपसला. पाणी आधी धारेने आलं, मग भसकन, लोकरीच्या गोळ्यांसकट. मी ओलीचिंब, थंडीने दात वाजताहेत, पण मनात एकच: रिकामं झालं. आता वारा लागेल, सुकेल. पाणी थांबल्यावर मी टॉर्च फिरवला.

ट्रेलर उभा असतो तो दोन लांब लोखंडी बीमांवर. कारखान्यातून इथपर्यंत तो त्यांच्यावरच आलेला असतो. माझ्या नाकासमोरच्या बीमला पापुद्रे सुटले होते. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर लावला, नुसता टेकवला. तो आत गेला. थोडं पुढे सरकून लावला, तिथेही गेला. दुसऱ्या बीमला एका जागी लोखंड उरलंच नव्हतं, गंजाची नुसती शिवण राहिली होती.

आणि मग दगड दिसले. ओढ्यातले चपटे दगड, एकावर एक नीट रचलेले, वर लाकडाच्या चिपा ठोकून बीमला टेकवलेले. एक चवड, दुसरी चवड, पार भिंतीपर्यंत. त्यांच्या मधे एक लाल जॅक, वर दाबून बसवलेला. तो मी ओळखला. गेल्या शरद ऋतूपासून पॅपॉ सगळ्या खोऱ्याला विचारत होते, माझा लाल जॅक कोणी नेलाय म्हणून.

मी बाहेर आले तेव्हा ते उलट्या बादलीवर बसले होते, हातात माझ्यासाठी टॉवेल. आत कोल्बी प्लायवूड कापत होता आणि शीळ घालत होता.

"बघितलंस," ते म्हणाले.

"हो."

"तिच्या खोलीचं दार अडकायला लागलं तेव्हा शिरलो होतो खाली."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? घर उचलता येत नाही, उचलायला गेलं तर मधोमध मोडेल. ओढून दुसरीकडे नेता येत नाही. मग बोलायचं कशाला. जेवढं जमलं तेवढं टेकू देत गेलो."

"ओपल इथे झोपत होती, पॅपॉ."

त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणून तर तिच्या खोलीखाली सगळ्यात जास्त लावले."

मला ओरडायचं होतं. पण त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. नखांत काळं, बोटं सुजलेली, अंगठ्याला जुनी चिंधी. हा माणूस त्या कमरेने त्या चिखलात किती वेळा आडवा झाला असेल. आणि तो चिखल त्याच्याच पेंढ्यांनी धरून ठेवलेला. हे त्यांना कळलं होतं की नाही ते मला कळेना आणि विचारायची हिंमत होईना.

"आज नको बोलूस त्याला," ते म्हणाले. "ऐक ना. किती महिन्यांनी शीळ घालतोय."

मी ऐकलं. सूर चुकत होता. मी त्या दिवशी कोल्बीला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

जमीन झाली. प्लायवूड घट्ट बसलं, वर लाकडी रेघांचं व्हिनाइल आलं, भिंतीच्या कडेला पांढरी पट्टी. कोल्बीने खोलीचं दार उतरवून खालून रंधा मारला आणि ते पुन्हा बसवलं. मला बोलावून तो नुसतंच उघडबंद करत राहिला. "बघ. लोण्यासारखं." मग माझ्यासमोरच त्याने रोवेनाला फोन लावला. "रविवारी आण तिला. सगळं कोरडं आहे."

रविवारी पॅपॉंनी शिजवलेल्या घेवड्याचं पातेलं आणि मक्याचा पाव आणला. स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. रोवेनाची गाडी आली. ओपल नव्या बुटांत उतरली, पॅपॉंच्या पायांना मिठी मारली, मग माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता.

खोलीच्या उंबऱ्यावर ती थबकली. "पॅनकेक कुठे?"

"पडला," कोल्बी म्हणाला. "मी खाल्ला."

"खोटं!" ती खिदळली आणि नव्या जमिनीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत सुटली. बूट टकटक वाजत होते. कोल्बीचा चेहरा बघवत नव्हता, इतका खुलला होता. रोवेना छताकडे बघून म्हणाली, "मेव्हणे, मानलं हां. माझ्या भाड्याच्या घरालाही तुमचा हात लागू द्या."

"तुला परवडणार नाही. घेवडा खाऊन काम करतो मी."

मी दार लावायला गेले. ते अर्ध्यावर अडकलं.

कोणाचं लक्ष नव्हतं. मी पुन्हा ओढलं. परवा लोण्यासारखं सरकणारं दार चौकटीत रुतलं होतं. मी पॅपॉंकडे बघितलं. ते दाराकडेच बघत होते.

आम्ही जेवायला बसलो आणि वारा सुटला. डोंगरावरून येतो तो वारा, त्याला अडवायला मधे काही नाही. पहिल्या झोतालाच छप्पर वाजलं. टायर नव्हते ना. नवी ठिगळं, नवा रंग, आणि ढोल पूर्वीचाच. ओपलने कान झाकले. दुसऱ्या झोताला भिंतीवरची भांडी थरथरली आणि ती रडायला लागली. मी तिला उचलून तिच्या खोलीत नेलं, नव्या चादरीवर बसवलं. वर छताची पट्टी एका बाजूने सुटत होती. पिठासारखी पांढरी पूड चादरीवर, तिच्या केसांवर पडत होती. वाऱ्याबरोबर पावसाचे थेंब आले.

मी तिला रोवेनाच्या कडेवर दिलं, स्वयंपाकघरातून काटा आणला आणि भिंतीच्या कडेला गुडघे टेकले. पांढरी पट्टी खालून काळसर झाली होती. काटा आत गेला. काढला तर त्याच्या दातांना पाणी होतं.

"रोवेना," मी म्हटलं, "तिचा कोट घाल."

"काय झालं?"

"पाऊस वाढायच्या आत निघ."

कोल्बी दारात आला. काटा त्याने बघितला, पण बोलला ते वेगळंच. "आवाजाला घाबरली ती. नुसता आवाज आहे. थांब तू, दोन मिनिटं थांब." आणि तो बाहेर पळाला. मागच्या दाराचा आवाज आला, मग शिडीचा.

मी ओपलच्या कोटाची बटणं लावली. ती रडायची थांबून माझ्याकडे बघत होती. "ममा, तू पण ये ना." मी म्हटलं, येते गं, मागून येते. तिला गाडीत पट्टा लावला, गालाला गाल लावला आणि घराच्या मागे गेले.

कोल्बी शेडमागून टायर ओढत आणत होता. पॅपॉ शिडी धरून उभे होते, स्वच्छ सदरा अंगाला चिकटलेला.

"कोल्बी, थांब," मी म्हटलं. "खालचे बीम गेलेत. मी बघितलेत. स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो. पॅपॉंच्या दगडांवर उभं आहे सगळं. वरून कितीही कर, घर खाली बसतंय आणि सांधे उघडणार. आत्ताच उघडलेत."

त्याने टायर खांद्यावर चढवला. तारा टोचू नयेत म्हणून मानेखाली हात घातला.

"ऐकलंस का तू?"

"ऐकलं."

"मग?"

तो शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. पाऊस त्याच्या तोंडावर येत होता. पॅपॉंकडे त्याने एकदाच बघितलं, आणि पॅपॉंनी मान खाली घातली.

"वारा आहे, ड्रेमा," तो म्हणाला. "शिडी धरा दोघं."

मी धरली. दुसरं काय करणार होते? तो पडला असता. घराच्या पुढून रोवेनाची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, चाकांखाली खडी करकरली, मग वळण आलं आणि आवाज गेला. कोल्बी वर-खाली करत राहिला. पॅपॉ टायर आणून देत राहिले. नव्या चंदेरी रंगावर ते त्याने पूर्वीच्याच ओळीत मांडले, आणि दर टायरला पत्रा थोडाथोडा गप्प होत गेला. शेवटचा बसला तेव्हा पाऊस चालूच होता, वाराही होता, पण आतून काहीच आवाज येत नव्हता. ओपलच्या खोलीतला दिवा जळत राहिला होता. आत एखादं मूल गाढ झोपलं असतं, इतकं घर गप्प होतं.